उघडी जीप बारमाही करायची तर: टपाचा नंबर पाचवा

जूनचा पहिला जोरदार पाऊस पडून गेला की ओळखीच्या जीपवाल्यांचे फोन सुरू होतात. नवा टप, म्हणजे वरचं कापडी छत, शिवून घेतला तरी डाव्या गुडघ्यावर धार लागते. सगळ्या फटी सिलिकॉनने बुजवल्या तरी पायाखाली तळं साचतं. पडदे घट्ट लावले तर ताम्हिणी घाटात काच आतून इतकी धुरकटते की एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातात फडकं. यातल्या कुणीही कामात कुचराई केलेली नसते, सामानही बहुतेक वेळा चांगलंच असतं. चुकलेला असतो तो क्रम. जो तो टप आधी शिवतो, आणि खरं तर टपाचा नंबर पाचवा आहे.

हा लेख कॅनव्हासच्या टपाच्या जीपसाठी आहे: महिंद्राच्या एमएम ५४०, सीएल, मेजर, २०१० साली आलेली थार, आणि जुन्या चासीवर बॉडी बांधून घेतलेल्या गाड्या. रविवारी फेरफटका मारायला काढायच्या गाडीसाठी एवढा खटाटोप नको. पण जून ते सप्टेंबर घाट चढायचा आहे आणि डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाचला निघायचं आहे, तर यातली एकही पायरी गाळू नका. आंबोलीसारख्या ठिकाणी वर्षाला ७,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो सरळ पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो. चालत्या गाडीच्या काचेवर तर तो खालून वरही चढतो. म्हणून घर शाकारायचा हिशेब इथे अर्धाच लागू पडतो.

## आधीची तयारी

काम एप्रिलच्या सुरुवातीला हाती घ्या. रंग आणि रबराचा गोंद तापलेल्या, कोरड्या पत्र्यावर जसा धरतो तसा नंतर धरत नाही. शिवाय मे महिना अर्धा उलटला की कुशनवाल्याकडे ताडपत्र्यांची आणि रिक्षांच्या हूडांची रांग लागते. तळकोकणात पाऊस जूनचा पहिला आठवडा संपता संपता धरायचा. त्यामुळे पाण्याची शेवटची परीक्षा २० मेपर्यंत उरकली पाहिजे, म्हणजे चूक निघाली तर दुरुस्तीला वेळ राहतो.

जमवून ठेवायचं सामान:

- खडू, टॉर्च, बागेचा पाइप, वही
- दारांसाठी 'डी' आकाराचं पोकळ ईपीडीएम (उन्हापावसात टिकणारं) रबर
- पत्र्याच्या सांध्यांसाठी पॉलियुरेथेन सीलंट, काचेच्या रबरासाठी न वाळणारी ब्युटाइल पट्टी
- वायरींच्या भोकांसाठी मापाचे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेत बसणाऱ्या कड्या)
- पितळी किंवा स्टेनलेस टिचबटणं आणि फिरकीची बटणं

सावधान: व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारं सिलिकॉन पत्र्याला लावू नका. वाळताना त्यातून आम्ल सुटतं आणि उघडा पत्रा गंजतो. एकदा सिलिकॉन लागलं की त्या जागी रंगही धरत नाही.

कागदांचं एकदाच सांगतो. गळतीला कंटाळून पत्र्याचा किंवा फायबरचा पक्का टप बसवायचा विचार असेल तर आधी आरटीओत जा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या तपशिलात बदल होईल असा फेरफार परस्पर करता येत नाही, आणि अपघातानंतर विम्याचा दावा नेमका तिथे अडकतो. पडद्यांच्या खिडक्यांना काळपट छटेचं प्लास्टिकही नको. केंद्रीय मोटार वाहन नियमांत पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार जाण्याची अट आहे. नियम बाजूला ठेवला तरी रात्रीच्या घाटात बाजूचा कठडा दिसणं ही तुमचीच गरज आहे.

## पायरी १: गळती आधी शोधा, बुजवू नका

जुना टप, पडदे, दारं जशी आहेत तशी लावा. एकाने आत बसायचं, टॉर्च आणि खडू घेऊन. दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी मारायचं, आणि सुरुवात खालून करायची: आधी दाराच्या उंबऱ्याची पातळी, मग दाराची वरची कड, मग काचेचा तळ, काचेच्या बाजू, आणि सर्वांत शेवटी टप. प्रत्येक पातळीवर चार-पाच मिनिटं. टपावरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे एकदम ओघळतं आणि काय कुठून आलं ते कळत नाही. हीच चूक सर्रास होते.

थेंब पडतो तिथे भोक असतंच असं नाही. माझ्या गाडीत दोन पावसाळे डाव्या गुडघ्यावर पाणी गळायचं. मी डोक्यावरची शिवण दोनदा उसवून पुन्हा शिवून घेतली. मुलाला पाइप धरायला लावून आत टॉर्च घेऊन बसलो तेव्हा दिसलं की पाणी काचेच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातून रबराखाली शिरतंय, चौकटीच्या पन्हळीतून हातभर डावीकडे सरकतंय आणि आरशाच्या बोल्टवर येऊन थेंब होतंय. शिवणीचा काही संबंधच नव्हता.

त्याच दिवशी अंधार पडल्यावर आत झगझगीत दिवा लावा आणि बाहेरून गाडीभोवती फिरा. जिथून उजेडाची रेघ दिसेल तिथून वारा येणार. पाण्याच्या खुणा खडूने गोल काढून करा, वाऱ्याच्या खुणा फुलीने. दोन्ही वहीत उतरवा. खडू धुऊन जातो.

## पायरी २: तळ, गंज आणि पाण्याला वाट

उघड्या गाडीत थोडं पाणी येणारच. ओले बूट, भिजलेल्या छत्र्या, दार उघडताना आलेली सर. म्हणून अडवण्याच्या आधी ते बाहेर कसं जाईल ते ठरवा.

सीट, चटया, खालचा नमदा सगळं काढा. नमदा पुन्हा घालायचाच नाही. तो महिना महिना पाणी धरून ठेवतो, आणि वरून चटई कोरडी दिसत असताना खाली पत्रा चाळणी होतो. तळाला निचऱ्याची भोकं आणि बुचं असतील तर ती मोकळी करा. नसतील तर ज्या कोपऱ्यात पाणी साचतं तिथे, चासीचा कणा आणि ब्रेकची नळी चुकवून, मिस्त्रीकडून भोक पाडून रबरी बूच बसवून घ्या. भोकाच्या कडेला लगेच प्रायमर लावा, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो.

गंजलेला भाग तारेच्या ब्रशने चकाकेपर्यंत खरवडा, झिंकयुक्त प्रायमर लावा, मग सांध्यांवर पॉलियुरेथेन सीलंट, मग रंग. सीलंट आधी आणि प्रायमर नंतर, किंवा गंजावरच सीलंट, असं कधीही करू नका. आतला गंज वाढत राहतो आणि वरची सीलंटची साय तेवढी शाबूत दिसते. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी चासीच्या आतल्या पोकळ्यांतही गंजरोधक फवारून घ्यावं, खाऱ्या हवेपुढे नुसता वरचा रंग पुरत नाही.

मग इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा पाहा. क्लच-ब्रेकचे पेडल, स्टिअरिंगचा दांडा, वायरी, वायपरची दांडी, गिअरच्या दांड्याचं रबर. थंडीत पायांना झोंबणारा वारा बहुतेक इथूनच येतो, आणि लोक तो दारातून येतोय असं समजतात. प्रत्येक वायरीला ग्रोमेट घाला. भोक बुजवायचं ते पाणी येतं त्या बाजूने, म्हणजे इंजिनाकडून. आतून लावलेलं सीलंट पाण्याच्या दाबाने सुटतं. वायर आत शिरण्याआधी तिला थोडा खाली झोळ द्या, म्हणजे ओघळ झोळाच्या तळाशी टपकतो, भोकात शिरत नाही.

तपासा: बुचं काढून तळात बादलीभर पाणी ओता. दोन मिनिटांत सगळं निघून गेलं पाहिजे. कुठे डबकं राहिलं तर पुढे जाऊ नका.

## पायरी ३: काचेची चौकट

ही पायरी टपाच्या आधी का, ते समजून घ्या. टपाची पुढची कड काचेच्या चौकटीला बसते. टप शिवून झाल्यावर चौकटीखालचं रबर बदललं की चौकट वर उचलली जाते किंवा तिचा कल बदलतो, आणि टपाची मापं जुळत नाहीत. मी हे करून बसलो आहे. मेमध्ये टप शिवला, जूनमध्ये चौकटीखाली जाड रबर घातलं आणि मागची बटणं बोटभर लांब राहिली. ओढून लावली तर दुसऱ्याच पावसात कापड बटणापाशी फाटलं.

ज्या जीपची काच बॉनेटवर आडवी पडते तिथे चौकटीच्या तळाचं रबर हा सर्वांत मोठा चोरमार्ग. चौकट सोडवा, बिजागऱ्यांचे बोल्ट तपासा, झिजलेले वायसर बदला, नवं रबर अखंड एका लांबीत घाला. मध्ये जोड नको. दोन्ही टोकांना रबर चार बोटं जास्त ठेवून खाली वळवा, म्हणजे वाऱ्याने बाजूला ढकललेलं पाणी दाराच्या फटीत न शिरता बाहेर पडतं. बाजूच्या पकडी दोन्हीकडून थोड्या थोड्या आवळा. रबर तिसऱ्या हिश्श्याने दबलं की थांबा. पूर्ण चिरडलेलं रबर एका मोसमात लाकडासारखं कडक होतं.

काचेभोवतीचं रबर कडक झालं असेल, नखाने दाबल्यावर वळ राहत असेल, तर वरून काहीही फासू नका, नवं घाला. आत ब्युटाइलची पट्टी द्या. ती वाळत नाही, त्यामुळे चौकट खड्ड्यांत हलली तरी फट पडत नाही. वायपरची पाती, मोटार आणि दांडीचं वायसरही याच वेळी. पाती दर पावसाळ्याआधी बदला, ती उन्हाळ्यातच मेलेली असतात.

## पायरी ४: दारं

रबर आणून चिकटवायची घाई इथे नडते. दाराची फट सगळीकडे सारखी नसते. बिजागरीकडे कमी, कुलपाकडे जास्त, वर आणखी वेगळी. ती मोजायला कणीक वापरा. घट्ट मळलेल्या कणकेच्या लिंबाएवढ्या गोळ्या प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून फटीत आठ-दहा ठिकाणी ठेवा, दार हळू लावा, उघडा, आणि दबलेल्या गोळ्यांची जाडी पट्टीने मोजा. सात मिलिमीटर फट असेल तर दहा मिलिमीटरचं पोकळ रबर. जिथे फट बारा-पंधराच्या वर गेली तिथे रबर वाढवू नका, बिजागरी सरळ करून घ्या.

रबर लावण्याआधी कड थिनरने पुसा, गोंद दोन्हीकडे लावून हाताला चिकटणार नाही इतका वाळू द्या, मग दाबा. कोपऱ्यात रबर ओढून ताणू नका. ताणलेलं रबर आखडतं आणि आठवड्यात कोपरा उघडा पडतो. चिकटवल्यावर रात्रभर दार बंद ठेवा.

कापडी दाराची खालची झालर नेहमी उंबऱ्याच्या बाहेर लोंबली पाहिजे. ती आत खोचली की दारावरून ओघळणारं सगळं पाणी सरळ तुमच्या पायाशी. कितीतरी गाड्यांत झालर आत असते, कारण तशी ती नीटस दिसते.

तपासा: वर्तमानपत्राची दोन बोटं रुंद पट्टी फटीत धरून दार लावा आणि ओढा. सगळीकडे सारखी अडकत निघाली पाहिजे. सहज सुटली तिथे रबर टेकत नाही, फाटली तिथे जास्त दाबतंय.

## पायरी ५: टप

कापडाचे दोन रस्ते आहेत. मेण किंवा जलरोधक दिलेलं सुती कॅनव्हास भिजलं की सूत फुगतं आणि टाक्यांची भोकं बरीचशी आपोआप मिटतात. ते श्वास घेतं, आत ओल कमी धरते, पण जड असतं आणि वाळवलं नाही तर बुरशी येते. प्लास्टिकचा थर दिलेलं पॉलिस्टर कापड हलकं, धुवायला सोपं, पण त्यातली सुईची भोकं कायमची उघडी राहतात आणि आतल्या बाजूला घाम धरतो. गाडी रोज उन्हात-पावसात उभी असेल तर मी दुसरं घेईन आणि शिवणी सील करण्यावर वेळ घालवीन. गाडी रात्री छपराखाली जात असेल तर सुती कॅनव्हासच.

कुशनवाल्याकडे जाताना तोंडी सांगून मोकळे होऊ नका. हे लिहून द्या आणि शिवताना एकदा जाऊन पाहा:

१. धागा पॉलिस्टरचा. सुती धागा कुजतो, नायलॉन उन्हाने लवकर झिजतो.

२. शिवण दुमडीची, दुहेरी. टाका चार-पाच मिलिमीटरचा. त्याहून बारीक टाके घातले तर भोकांची रांग होऊन कापड तिथे कागदासारखं फाटतं.

३. जोड कौलांसारखे. वरचा तुकडा खालच्यावर, आणि पुढचा तुकडा मागच्यावर. पुढच्याची कड मागच्याखाली गेली तर साठच्या वेगाला वारा ती कड उचलतो आणि पाणी आत ढकलतो.

४. टप पेलणाऱ्या कमानींवर जिथे कापड घासतं तिथे आतून दुसरा थर. कमानींना आधी पट्टे बांधून त्यांची जागा पक्की करा, कापडाच्या ताणावर कमानी उभ्या ठेवू नका.

५. बटणाखाली रेक्झिनचा तुकडा. वाऱ्याच्या तोंडी येणाऱ्या पुढच्या कोपऱ्यांना टिचबटण नको, फिरकीचं बटण लावा. टिचबटण झटक्याने सुटतं.

वेगात टपावरून जाणारी हवा टपाला वर ओढते, म्हणून सैल टप फुग्यासारखा फुगतो आणि फडफडतो. त्या फडफडीने शिवणी मरतात. पण मागची बटणं पहिल्याच दिवशी ठोकू नका. सुती कॅनव्हास बसवा, पाण्याने चिंब करा, ताणून उन्हात वाळवा, मगच मागच्या बटणांच्या जागा ठरवा, कारण पहिल्या भिजण्यात ते आखडतं. पॉलिस्टरचं कापड दुपारच्या उन्हात तापवून, नरम असताना ओढून बसवा. थंड सकाळी घट्ट वाटलेला टप मेच्या उन्हात लोंबतो.

शिवणींना आतून पॉलियुरेथेन सील, किंवा सुती कॅनव्हासला मेणाची कांडी घासून वरून कोमट इस्त्री. एक दिवस हात लावू नका.

## पायरी ६: बाजूचे आणि मागचे पडदे

पारदर्शक प्लास्टिक अर्धा ते एक मिलिमीटर जाडीचं घ्या. पातळ असेल तर वाऱ्याने थरथरतं, जाड असेल तर गुंडाळताना तडकतं. पडदा घडी करून कधीच ठेवायचा नाही. मध्ये मऊ सुती कापड घालून गुंडाळायचा, आणि थंडीत आधी थोडा उन्हात नरम करून. कोरड्या फडक्याने पुसलात तर धुळीचे ओरखडे उठतात आणि रात्री समोरच्या गाडीचा दिवा त्यावर पसरतो. आधी पाणी ओता, मग साबणाच्या पाण्याने हाताने. पेट्रोल, थिनर आणि काच पुसायचे अमोनियावाले फवारे यांनी प्लास्टिक दुधाळ होतं.

बाजूच्या पडद्यांत वरच्या बाजूला मागे तोंड असलेला एक झडपेचा कप्पा शिवून घ्या, पंजाएवढा. हे लोक टाळतात, कारण कष्टाने बंद केलेल्या गाडीला पुन्हा भोक पाडावंसं वाटत नाही. पण दमट हवा इथूनच बाहेर जाणार आहे.

## पायरी ७: पाण्याची परीक्षा

पायरी १ जशीच्या तशी पुन्हा. खालून वर, चार-पाच मिनिटं, आत माणूस. जुन्या वहीतली प्रत्येक खूण तपासा. दाबाने पाणी मारायचं यंत्र वापरू नका, त्याने नव्या शिवणींतला सील निघतो. मग गाडी नाक वर करून चढावर उभी करा आणि पुन्हा पाणी मारा, मग उतारावर. सपाटीवर कोरडी राहिलेली गाडी घाटात गळते याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं की पन्हळीतलं पाणी उलट्या टोकाला धावतं.

## पायरी ८: सायलेन्सर, आणि मगच हवा

हा इशारा सर्वांत महत्त्वाचा आहे. गाडी बंदिस्त झाली की इंजिनाचा धूर आत कोंडू शकतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि डोकं जड होतंय हे लक्षात येईपर्यंत निर्णय घ्यायची ताकद गेलेली असते. पुढून सगळं बंद आणि मागचा पडदा उघडा ही सर्वांत वाईट स्थिती. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, तिथे धूर घुटमळतो आणि उघड्या मागच्या बाजूने आत ओढला जातो. हवेशीर वाटावं म्हणून लोक नेमका मागचा पडदा वर करतात. तो लावलेलाच ठेवा.

इंजिन थंड असताना चालू करा, सायलेन्सरचं टोक जाड ओल्या फडक्याने क्षणभर दाबा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा नळी आधी बदला. टोक बॉडीच्या कडेच्या बाहेर निघालेलं हवं. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म डॅशबोर्डवर कायम ठेवा. आणि शेगडी, गॅसचा हीटर, पेटता स्टोव्ह असलं काहीही गाडीत नाही, उभ्या गाडीतही नाही, दहा मिनिटांसाठीही नाही.

## पायरी ९: हीटर

आपल्याकडे हीटर कशाला, असं विचारणाऱ्यांनी जुलैतला वरंधा घाट आठवावा. श्वासातली आणि भिजलेल्या कपड्यांतली वाफ थंड काचेवर धरते. त्याच काचेवर कोमट हवेचा झोत गेला तर हवा ओल शोषते आणि काच निवळते. वर्षातले चार महिने हीटर काचेसाठी आहे. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठतं त्या पहाटे तो तुमच्यासाठी.

सिगारेट लायटरच्या खोबणीत लावायचे १५० वॅटचे विजेचे हीटर घेऊ नका. साडेबारा अँपिअर खाऊन ते तळहात शेकतील एवढीच ऊब देतात. इंजिनाच्या गरम पाण्यावर चालणारा छोटा हीटर काही हजार वॅट उष्णता फुकट देतो. भंगार बाजारात चांगला मिळतो, पण घेताना पाण्यात बुडवून आत हवा भरून पाहा. बुडबुडा आला तर ठेवून द्या.

आधी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनातलं पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारी झडप. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या जीपमध्ये गाडी तापते म्हणून कुणीतरी कधीतरी थर्मोस्टॅट काढून टाकलेला असतो. मग पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं, घाट उतरताना इंजिन गारठतं, आणि हीटर कोमट फुंकर घालत बसतो. माझ्या गाडीतला काढलेला आहे हे मला हीटर बसवून झाल्यावर कळलं, तोवर मी हीटरच दोनदा बदलला होता. नवा थर्मोस्टॅट पातेल्यात पाण्यात लोंबता ठेवून तापवा. त्यावर छापलेल्या तापमानाच्या आसपास, बहुतेकांत ऐंशीच्या थोडं पुढेमागे, तो उघडताना डोळ्यांनी दिसला पाहिजे. आणि गाडी खरंच तापत असेल तर रेडिएटर साफ करा, थर्मोस्टॅट काढणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

मग जोडणी:

१. इंजिन पूर्ण थंड. कूलंट उतरवा. गरम इंजिनाचं झाकण उघडलंत तर चेहऱ्यावर वाफ येते.

२. गरम नळी इंजिनाच्या हेडवरच्या, थर्मोस्टॅटच्या आधीच्या तोंडातून घ्या. परतीची नळी वॉटर पंपाच्या ओढीच्या बाजूला द्या. दोन्ही रेडिएटरच्या बाजूने घेतल्या तर इंजिन तापेपर्यंत हीटर गारच राहतो.

३. गरम नळीवर कॉक बसवा. एप्रिल-मेमध्ये तो बंद ठेवता आला पाहिजे.

४. नळ्या सायलेन्सर आणि पंख्याच्या पट्ट्यापासून लांब, पत्र्यातून जाताना ग्रोमेटमधून. क्लिपा स्क्रूच्या, तार गुंडाळून नाही.

५. हीटरच्या पंख्याला थेट स्विचवरून वीज देऊ नका. रिले (स्विचच्या हलक्या विजेवर जड वीज चालू-बंद करणारा), अडीच चौरस मिलिमीटरची वायर, आणि १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीजवळ.

६. हीटरकडून दोन लवचिक नळ्या काचेच्या तळाशी, एक चालकासमोर, एक शेजारी. तोंडं रुंद आणि चपटी. तिसरं तोंड पायांकडे, झडपेचं. हवा बाहेरून घ्या. आतलीच दमट हवा फिरवली तर काच निवळत नाही.

७. निम्मं कूलंट आणि निम्मं खनिजरहित पाणी भरा. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी नको, बारीक नळ्या क्षाराने तुंबतात. गाडी नाक वर करून उभी करा, कॉक उघडा, रेडिएटरचं झाकण काढून ठेवा आणि मग इंजिन चालू करून मंद गतीवर बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा. मग झाकण लावा.

तपासा: इंजिन तापल्यावर दोन्ही नळ्यांना हात लावा. दोन्ही गरम हव्यात. एक गरम आणि एक थंड असेल तर हवा अडकली आहे किंवा हीटर तुंबला आहे. मग दिवे, वायपर, पंखा सगळं चालू करून बॅटरीवर व्होल्ट मोजा, इंजिन जरा चढ्या गतीवर. साडेतेराच्या खाली येत असेल तर अल्टरनेटर या भाराला पुरत नाही. तो वाढवा, नाहीतर रात्रीच्या पावसात दिवे मंदावतील.

चालवताना सवय एकच: काच धुरकटायच्या आधी पंखा लावा आणि पडद्याची वरची झडप उघडा. हवा बाहेर जायला वाट नसेल तर पंखा नुसता आवाज करतो.

एवढं करूनही जानेवारीत मांड्या गार पडतात, कारण उघड्या जीपची हवा कितीही तापवली तरी निसटते. हवेपेक्षा माणूस तापवा. सीटवर घालायची विजेची गादी चाळीस-पन्नास वॅटमध्ये जे करते ते हीटरला जमत नाही. शेजारी बसणाऱ्याच्या गुडघ्यांवर घोंगडी घाला. चालकाने घोंगडी पेडलपाशी लोंबू देऊ नये, त्याने जाड पँट घालावी.

## पायरी १०: पावसाळाभर राखण

ओला टप गुंडाळायचा नाही. घरी आलात की तो लावलेलाच ठेवा, बाजूचे पडदे वर करा, बुचं काढा, रबरी चटया बाहेर टांगा. उघडीप मिळाली की गाडी तासभर उन्हात. टपाला कपड्यांची पावडर लावू नका, कॅनव्हासचं जलरोधक त्याने धुऊन जातं. मऊ ब्रश आणि सौम्य साबण पुरे. बुरशीचे काळे ठिपके दिसले तर कोरडे असतानाच झाडा, मग धुवा.

टिचबटणांना दर महिन्याला पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवा. अडकलेलं बटण कापड धरून ओढू नका, बटणाखाली चमच्याची कड घालून उचला.

पहिल्या खऱ्या पावसात अर्धा तास चालवून या आणि घरी येताच, चटया उचलायच्या आधी, तळ हाताने चाचपा. जिथे ओल लागेल ती जागा तारखेसह वहीत लिहा, आणि पाइप घेऊन पुन्हा खालून वर सुरुवात करा.